विंगेतली दोन टेबलं
नाटकाची संहिता हातात आली की पेन्सिल घेऊन बसावं आणि कुणाच्या हातात काही येतं तिथे तिथे खूण करावी. माझ्या प्रॉपर्टीच्या, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंच्या, वहीत चार रकाने असतात: वस्तू, कोण नेणार, कुठल्या विंगेतून, आणि परत कुठल्या विंगेत. हा चौथा रकाना हमखास राहतो. आमचाही एकदा राहिला. पहिल्या अंकात डावीकडे गेलेलं पत्र दुसऱ्यात उजवीकडून हवं होतं. नायिकेनं शेवटी मेकअपचं बिल डोळे भरून वाचलं. तेव्हापासून पत्राच्या दोन प्रती, दोन्हींवर पूर्ण मजकूर. नाटक १९६५ सालातलं असेल तर पाकिटावर पिनकोड नको, तो १९७२चा.

पितळी तांब्या, पानाचा डबा, अडकित्ता यांसाठी इंदुरातल्या राजवाड्याभोवतीची दुकानं पालथी घालण्याआधी रामबागेतल्या काकूंना विचारावं, माळ्यावर असतंच. तिथेच मोबाइलवर फोटो काढावा, बुडाला चिकटपट्टी लावून आडनाव लिहावं.

खाण्याचा प्रसंग असेल तर जास्त सांभाळावं. इंदुरात शेवेशिवाय पोहे म्हणजे पाप, पण रंगमंचावर शेव नकोच. कोरडी शेव घशात गेली की पुढचं वाक्य खोकल्यात जातं. पोहे ओलसर, दोन घासांपुरते. चहा कोमट आणि कपात खरोखर असावा, रिकामा कप उचलताना हात खोटं बोलतो. आरशावर ओला साबण फिरवावा, नाहीतर लाइट प्रेक्षकांच्या डोळ्यांत. सुरी बोथट. काडी पेटवायची असेल तर नाट्यगृहाच्या माणसाला आधी विचारावं.

रंगीत तालमीला सगळ्या वस्तू खऱ्याच. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून वाकायची सवय एका दिवसात होत नाही.

दोन्ही विंगांत एकेक टेबल, वर ब्राउन पेपर, प्रत्येक वस्तूभोवती मार्करची रेघ. जागा रिकामी दिसली की काय हरवलं ते अंधारातही कळतं. त्या टेबलावर दिग्दर्शकाचा चष्मासुद्धा ठेवू देऊ नये. पहिल्या घंटेआधी वही घेऊन एकदा, मध्यंतरात पुन्हा.

पडदा पडला की मंडळी फोटोंत रमतात आणि सराफ्याला खायला निघायची घाई करतात. तांब्या हरवतो तो याच दहा मिनिटांत. आधी टेबलं मोजावी, पेट्यांना कुलूप लावावं, मग खुशाल भुट्ट्याचा कीस. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी काढून, चिंचेनं घासून तांब्या काकूंकडे.