कॅमेऱ्याचा लाइट मीटर कसा वाचावा आणि एक्स्पोजर अचूक कसे साधावे

आषाढी वारीत दिवे घाट चढणाऱ्या वारकऱ्यांच्या फोटोंमध्ये एक दोष वारंवार आढळतो: पांढरी धोतरे आणि टोप्या मळकट करड्या दिसतात आणि चेहरे काळवंडलेले असतात. याउलट वेरूळच्या कैलास लेण्याचा काळा बेसॉल्ट फोटोत विटका, राखाडी उतरतो. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्यात बिघाड नसतो. मीटरने आपले काम चोख बजावलेले असते. त्याच्या आकड्यात छायाचित्रकाराने करायची दुरुस्ती तेवढी राहून गेलेली असते.

कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परावर्तित होऊन लेन्समधून आत येणारा प्रकाश मोजतो. मंद उजेडातली पांढरी भिंत आणि लख्ख उन्हातली काळी भिंत या दोन्हींकडून त्याच्यापर्यंत सारखाच प्रकाश पोहोचू शकतो आणि त्यांतला फरक ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते. म्हणून समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून तो आकडे सुचवतो. छायाचित्रणाच्या दुकानात मिळणारे 18 टक्के परावर्तनाचे करडे कार्ड याच छटेचे असते. दृश्य त्याहून उजळ असेल तर मीटरच्या सल्ल्याने ते काळवंडते आणि गडद असेल तर फिकटते. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिली पायरी म्हणजे एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा प्रकाश, मोजण्याचे एकक अंगवळणी पाडणे. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप. शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ, सेकंदांत) 1/500 वरून 1/250 वर आणणे, अ‍ॅपर्चर (लेन्समधले छिद्र) एफ/8 वरून एफ/5.6 वर उघडणे किंवा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 200 वरून 400 करणे, या तिन्हींमुळे फोटो नेमका एक स्टॉप उजळतो. व्ह्यूफाइंडरच्या पट्टीवर मधोमध शून्य असते आणि दोन्ही बाजूंना स्टॉपचे आकडे असतात. त्यांच्यामधल्या बारीक रेघा बहुतेक कॅमेऱ्यांत एक तृतीयांश स्टॉपच्या असतात.

यानंतर मीटरने दृश्याचा किती भाग मोजावा हे ठरवावे. 1983 च्या निकॉन एफए या कॅमेऱ्यापासून रूढ होत गेलेली मॅट्रिक्स पद्धत (कॅननमध्ये तिला इव्हॅल्युएटिव्ह म्हणतात) चौकटीचे अनेक भाग पाडून त्यांची तुलना करते आणि घाईच्या वेळी बऱ्यापैकी उत्तर देते. मात्र तिने स्वतःहून किती दुरुस्ती केली हे आपल्याला दिसत नाही, त्यामुळे वर आपण आणखी किती करावी याचा अंदाज चुकतो. शिकण्याच्या काळात सेंटर-वेटेड (चौकटीच्या मधल्या भागाला जास्त महत्त्व देणारी) पद्धत वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे वागणे सरळ असते आणि काही दिवसांतच ते ओळखीचे होते. स्पॉट पद्धत चौकटीचा अगदी लहानसा भाग मोजते, त्यामुळे तो भाग कोणत्या छटेचा आहे हे ठामपणे सांगता येत असेल तरच ती निवडावी.

आता खरे काम. दिवे घाटात आभाळ भरून आले आहे, आयएसओ 400 आणि अ‍ॅपर्चर एफ/5.6 आहे, आणि पांढऱ्या कपड्यांतील दिंडीने चौकट भरली आहे. मीटर 1/1000 सुचवतो. दृश्याचा मोठा भाग पांढरा असल्यामुळे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या आकड्यात आपण करायची दुरुस्ती) एक स्टॉप आणि वर एक तृतीयांश असे वाढवावे. शटर 1/400 वर येते. चालत्या माणसांसाठी ते पुरेसे जलद आहे, टोपी पांढरी दिसते आणि चेहऱ्यावरचा गंध, सुरकुत्या उमटतात. पांढरे आभाळही चौकटीत मोठे असेल तर कॅमेरा खाली झुकवून केवळ माणसांवर मीटर वाचावा, एक्स्पोजर लॉकचे बटण दाबून ठेवावे आणि मग चौकट जुळवावी. वेरूळच्या काळ्या दगडासमोर उलट दिशेने, दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे. हिरवे गवत मध्यम करड्याच्या जवळपास असते, तेथे बहुधा काहीच करावे लागत नाही. स्पॉटने शुभ्र कापडच मोजले असेल तर साधारण दोन स्टॉप वाढवावे लागतात, कारण त्या मोजमापात चेहरे आणि रस्ता मिसळलेले नसतात.

छटेचा अंदाज येत नसेल तेव्हा आपला तळहात उपयोगी पडतो. हाताच्या पाठीच्या तुलनेत तळहाताचा रंग माणसागणिक कमी बदलतो आणि तो मध्यम करड्याहून साधारण एक स्टॉप उजळ असतो. विषयावर जसा प्रकाश पडतो आहे तशाच प्रकाशात तळहात धरावा, त्याने चौकट भरावी, मॅन्युअल मोडमध्ये (जेथे आकडे आपणच ठरवतो) पट्टीवरचा दर्शक +1 वर आणावा आणि त्याच आकड्यांवर फोटो घ्यावा. हातावर स्वतःची सावली पडणार नाही याची काळजी घ्यावी, कारण सर्वांत जास्त घोटाळा तेथेच होतो. स्टुडिओत पांढऱ्या घुमटाचा हातातला मीटर वापरतात. तो विषयावर पडणारा प्रकाश मोजतो, त्यामुळे कपड्याच्या रंगाचा प्रश्नच उरत नाही. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि सूर्याचे चिन्ह दिसल्यास ते वर-खाली सरकवावे. ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच असते.

फोटो घेतल्यावर पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नये, कारण भर उन्हात ते अंधारे आणि रात्री भलतेच उजळ वाटते. हिस्टोग्राम, म्हणजे गडद छटा डावीकडे आणि उजळ छटा उजवीकडे दाखवणारा आलेख, पाहावा. आलेख उजव्या कडेला चिकटून उभा राहिला असेल तर तेवढ्या भागातला तपशील जळाला आहे आणि तो मागाहून संगणकावर परत आणणे कठीण असते. जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना मेनूतून चालू ठेवावी. लुकलुकणारा भाग पितळी टाळांवरची चमक असेल तर सोडून द्यावे; धोतर असेल तर एक तृतीयांश स्टॉप कमी करून पुन्हा घ्यावा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कॅमेरा हा आलेख जेपेगवरून, म्हणजे प्रक्रिया केलेल्या चित्रावरून, काढतो, त्यामुळे रॉमध्ये उजळ भागाचा तपशील आलेखात दिसतो त्याहून थोडा अधिक शिल्लक असतो.

मॅन्युअल मोडमध्ये ठरवलेले आकडे उजेड तसाच असेपर्यंतच खरे असतात. ढग सरकला, दिंडी झाडांच्या सावलीत शिरली किंवा आपण दुसऱ्या बाजूला गेलो, तर मोजमाप नव्याने घ्यावे. बहुतेक कॅमेऱ्यांत कॉम्पेन्सेशनचा आकडा कॅमेरा बंद केल्यावरही कायम राहतो, म्हणून काम संपताच तो शून्यावर आणून ठेवावा.