शॉकअपमधून टक् टक् येतंय? खोलायच्या आधी या चुका टाळा

मोटरसायकलच्या पुढून आवाज आला म्हणजे शॉकअप (पुढचं चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग आणि ऑइल असलेल्या दोन नळ्या) गेला, हे निदान सगळ्यांना पाठ आहे. खड्ड्यात टक् झालं की सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग), बुश (पाईप ज्यावर सरकतो ती कडी), ऑइल मागवून मोकळे. मग दोन दिवस गाडी चाकाविना उभी, आणि जोडून झाल्यावर पहिल्याच गतिरोधकावर पुन्हा तोच टक्. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: "सगळं नवीन घातलं, तरी आवाज कसा?" अरे बाबा, जे बिघडलंच नव्हतं ते बदललंस, म्हणून.

तोऱ्यात बोलत नाही, मीही हेच करून बसलोय. माझ्या गाडीला बारीक खडबडीवर कडकड सुरू झाली. मोठ्या खड्ड्यात फारशी नाही, पण खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर नुसता वैताग. मी दोन्ही शॉकअप उतरवले, बुश बदलले, सील बदलले, नवं ऑइल भरलं. आवाज जसाच्या तसा. एकदा उतारावर हळू येताना पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर सहज एक बोट टेकलं आणि कडकड थांबली. बोट उचललं, सुरू. टेकलं, बंद. गाडी कडेला घेऊन कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकची डिस्क पॅडने दाबणाऱ्या भागात, टॉर्च मारला, तर पॅड दाबून धरणारी पत्र्याची स्प्रिंग जागेवर नव्हतीच. पंधरा दिवसांपूर्वी पॅड बदलले होते ते मीच. घरी येऊन नटबोल्टचा डबा उपडा केला, ती तळाशी होती. ‘उरलेली’ म्हणून जपून ठेवलेली! बसवायला दहा मिनिटं लागली. शॉकअपवर घालवलेले दोन दिवस कुणी परत देत नाही.

तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी मी गाडी चालवून बघतो, आणि तीच खडबड ब्रेकला बोट टेकवून एकदा, न टेकवता एकदा. आवाजात फरक पडला तर शॉकअपला हातही लावत नाही. दुसरं, आवाज नेमका कधी येतो ते ऐका. पुढचा भाग दबताना खालून धाडकन आला तर शॉकअप तळाला बसतोय: ऑइल कमी किंवा स्प्रिंग थकलेली. गतिरोधक ओलांडून पुढचा भाग वर येताना टक् झाला तर शॉकअप पूर्ण उघडून वर आपटतोय. तिथेही आधी ऑइल बघा.

आता माझं दुसरं दुखणं, कोनसेट: हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्या आणि वाट्यांचं बेअरिंग. ब्रेक दाबून गाडी पुढेमागे ढकलायची, टक् लागला की ‘कोनसेट ढिला’ म्हणायचं आणि छिन्नी-हातोडी घेऊन तो आवळणारा रिंग नट हाणायचा. त्या चाचणीत पॅडची ढिलाई, बुशची ढिलाई आणि कोनसेटची ढिलाई तिघीही एकदम बोलतात. मी गाडी डबल स्टँडवर घेतो, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करतो, आणि ब्रेक न दाबता शॉकअपची खालची टोकं धरून पुढेमागे हलवतो. दुसऱ्या माणसाचं बोट आधी फ्रेम आणि खालच्या ब्रॅकेटच्या सांध्यावर. तिथे खेळ लागला तर कोनसेट. मग तेच बोट चकचकीत पाईप खालच्या नळीत शिरतो तिथे. तिथे लागला तर बुश. शेवटी चाक वर-खाली दोन ठिकाणी धरून आडवं हलवा. चाकच हलत असेल तर बेअरिंग चाकाचं.

एका उत्साही पोराने आवाज बंद होईपर्यंत कोनसेट आवळला होता. आवाज बंद झाला, कबूल. पण गाडी सरळ चालेना, हळू वेगात दारू प्यायल्यासारखी झुलायची. हँडल फिरवलं तर बरोबर मध्यावर खट्‌कन अडायचं, कारण गोळ्यांनी वाट्यांमध्ये खड्डे पाडले होते. त्याने नुसत्या गोळ्या बदलल्या. वाट्या त्याच, त्यामुळे खड्डेही तेच. महिन्याभरात पुन्हा माझ्या दारात. सेट बदलायचा तर वाट्यांसकट. आवळायचा तर फक्त खेळ जाईपर्यंत: चाक अधांतरी असताना हँडलला मध्यावरून हलका धक्का दिला की ते आपल्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. वरचा मोठा नट घट्ट केल्यावर हे पुन्हा बघा, कारण त्याने आधीची सेटिंग बदलते. मी तर दोनदा बघतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. शॉकअपमध्ये इंजिन ऑइल घालू नका. ‘जाड ऑइल घाल, आवाज दबतो’ हा सल्ला देणाऱ्याला आधी तुमच्या गाडीवर बसवून खड्ड्यातून न्या. जितकं जुनं ऑइल निघालं तितकंच नवं ओतलं, हेही चूक: जुनं आधीच गळून कमी झालेलं असतं. मॅन्युअलमध्ये मिलिलिटरचा किंवा पातळीचा आकडा असतो. पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, आणि त्याआधी चार-सहा वेळा वर-खाली करून हवा काढलेली. दोन्ही बाजूंना सारखंच.

वरचं झाकण खोलताना चेहरा त्याच्यावर ठेवू नका, खाली दाबलेली स्प्रिंग असते. सील स्क्रूड्रायव्हरने उचकटताना नळीला ओरखडा पडला की नवं सीलही गळणार. पाईपला गंजाचे खड्डे असतील तर सील बदलणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

आणि खोलायच्या आधी मडगार्डचे बोल्ट, हेडलाइटचा ब्रॅकेट, हॉर्नची पट्टी, केबल आणि किल्लीला लटकवलेला तो जुडगा, सगळं एकदा हाताने दाबून बघा. हसू नका, जुडगा काढल्यावर गेलेले आवाज मी ऐकलेत.

चाक परत बसवताना ॲक्सलचा मुख्य नट घट्ट करा, गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाच-सहा वेळा दाबा, आणि मगच शॉकअपच्या खालच्या टोकाचा, ॲक्सलला चिमटून धरणारा पकड-बोल्ट आवळा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही नळ्या एकमेकींना ओढून धरतात, शॉकअप अडकत चालतो, आणि मग लोक पुन्हा सील शोधायला लागतात.