मुरुडेश्वर: आधी लिफ्ट, मग महादेव

आम्ही कुडाळचे. हायवे क्रमांक 66 दारातलाच, त्यामुळे कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुरुडेश्वरला गाडी काढणं अगदी सोपं वाटतं. पणजी, मडगाव, काणकोण, कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर. रस्ता म्हणून बदलायचा नाही. पण अंतर जवळजवळ 300 किलोमीटर. पहिल्या खेपेला एका दिवसात जाऊन यायचं ठरवलं आणि भर दुपारी दोनला, सासूबाईंना घेऊन, तापलेल्या पायऱ्यांसमोर उभे राहिलो. तसं करू नका. आदल्या संध्याकाळी पोचा, मुक्काम करा आणि सकाळी लवकर बघा.

गोष्ट मात्र गाडीतच सांगून टाका. गोकर्ण फाटा लागला की सुरू करायची: रावण शंकराचं आत्मलिंग घेऊन लंकेला निघालेला, गणपतीने ते गोकर्णात जमिनीवर ठेवलं, रावणाने चिडून ओढाताण केली आणि लिंगावरचं वस्त्र उडून मुरुडेश्वरला पडलं. तिथल्या शंकराच्या भव्य मूर्तीखालच्या गुहेत हेच प्रसंग पुतळ्यांतून मांडलेत. गोष्ट ठाऊक असली की पोरं तिथे रमतात, नाहीतर पाच मिनिटांत आइस्क्रीम मागतात.

होन्नावरला शरावतीचा पूल ओलांडला की झोपलेल्यांना उठवा. पुढे हायवे सोडून उजवीकडे, समुद्राच्या दिशेने वळायचं.

सकाळी पहिलं काम म्हणजे गोपुराच्या लिफ्टचं तिकीट. बहुतेक लोक आधी मूर्तीकडे धावतात आणि उतरेपर्यंत सहलीच्या बसगाड्या आलेल्या असतात. मग लिफ्टच्या रांगेत तासभर जातो. गोपुर 20 मजली, लिफ्ट 18व्या मजल्यापर्यंत जाते. वरच्या खिडक्यांतून बसलेला 123 फुटी शंकर आणि तीन बाजूंना समुद्र, सगळं एका नजरेत मावतं. फोटो इथेच काढा. खाली पायथ्याशी मान कितीही वाकडी केली तरी फोटोत मांड्या आणि हनुवटीच येते.

मग कंदुकगिरी टेकडीच्या पायऱ्या चढून मूर्ती, गुहा, आणि देवळात दर्शन. समुद्रात घोट्यापर्यंतच जा, पोरांचा हात न सोडता. धाकट्याने विचारलंच, "जगात सगळ्यात मोठा शंकर हाच ना?" नाही. राजस्थानात नाथद्वाऱ्याचा 369 फूट आहे, 2022 साली खुला झाला. तो ऐकून जरा हिरमुसला, पण खोटं कशाला सांगायचं?

सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. दुसऱ्या खेपेला त्या लिफ्टने वर आल्या, पण पायऱ्यांपाशी "माका जमाचा नाय, मी हयच बसतंय" म्हणून सावलीत टेकल्या. आम्ही चढून, घामाघूम होऊन परत आलो, तर म्हणतात कशा, "तुमका ढोपरां दिसली, माका तेचा तोंड दिसला."