विंडोज नव्याने टाकलंत, आता एसएसडीची जागा मोकळी करताना या चुका टाळा

विंडोज परत टाकलं, सी ड्राइव्ह बघितला तर अर्धा भरलेला, मग जे मोठं दिसेल ते उडवत सुटायचं आणि बंद पडलं की माझ्याकडे यायचं. हे इतक्यांदा निस्तरून झालंय की आता कोणी "जरा लॅपटॉप बघ ना" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, काय काय डिलीट केलंस ते आधी सांग.

त्याआधी एक. 512 जीबीची एसएसडी 476 जीबीच दिसते म्हणून हरवलेली जागा शोधत बसू नका, काही हरवलेलं नाही. कंपनी जीबी 1000 च्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. 256 ची 238 दिसते, 1 टीबीची 931. संपला विषय.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) फॉरमॅट न करता त्यावरच विंडोज टाकलं की जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. सगळं म्हणजे नुसत्या सिस्टीमच्या फाइली नाहीत, त्यात जुनं युजर्स फोल्डरही असतं, म्हणजे तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, सगळा संसार. फोल्डर अवाढव्य दिसतं ते बऱ्याचदा त्यामुळेच, पण लोकांना वाटतं जुनं विंडोज म्हणजे कचरा.

माझ्या एका मित्राने हेच केलं. एका व्हिडिओत सांगितलं होतं की हे फोल्डर बिनधास्त उडवा, याने उडवलं, भरपूर जागा मिळाली म्हणून खूशही झाला. दोन-चार दिवसांनी आठवलं की भावाच्या लग्नाचे फोटो डेस्कटॉपवर होते. मग कुठलं तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून रात्रभर चालवलं, फाइलींची नावं आली, साइजही बरोबर, त्यामुळे हा निश्चिंत. उघडल्यावर एकही फोटो दिसेना, कारण आत नुसते शून्य. त्याचं म्हणणं, हार्डडिस्कवर तर यायच्या परत! यायच्या, कारण तिथे डिलीट म्हणजे फक्त नोंद पुसली जाते, डेटा त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो. एसएसडीला विंडोज लगेच ट्रिमचा निरोप देतं की हे ब्लॉक आता लागत नाहीत, मग बहुतेक ड्राइव्ह तिथे काही वाचायला गेलं तर शून्यच देतात आणि सवडीने तो भाग खरोखर पुसून टाकतात. पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर पण त्याला काही करू शकत नाही.

माझी सवय साधी आहे. विंडोज डॉट ओल्डमधलं युजर्स फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं, त्यातल्या पाच-सहा फाइली खरंच उघडून बघायच्या, आठवडाभर तसंच राहू द्यायचं, मगच सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्समध्ये जाऊन जुन्या इन्स्टॉलेशनवर टिक करून काढायचं. आणि "राहू दे तिथेच, लागेल तेव्हा बघू" असंही नको, कारण अपग्रेडनंतर साधारण 10 दिवसांनी विंडोज ते फोल्डर स्वतःच काढून टाकतं. काही जण शिफ्ट डिलीट मारतात, परवानगी नाही असा मेसेज आला की चिडून अख्ख्या सी ड्राइव्हची मालकीच बदलतात. त्यांना मग परत विंडोज टाकायला लागतं, आणि मला त्यांची दया येत नाही.

दुसरी चूक दोन डिस्कवाल्यांची. नवीन एसएसडी बसवली, जुनी डिस्क तशीच जोडलेली ठेवून विंडोज टाकलं, छान चालू झालं, आता जुनी डिस्क फॉरमॅट करून जागा वापरू म्हणतात. रीस्टार्ट केलं की काळा स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही. यात एसएसडी खराब झालेली नसते! इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (कॉम्प्युटर सुरू करायच्या म्हणजे बूटच्या फाइलींचा छोटा भाग) आधीच तयार मिळालं, त्याने त्या फाइली तिथेच टाकल्या आणि विंडोज तेवढं नवीन एसएसडीवर गेलं. म्हणून फॉरमॅट करण्याआधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून ईएफआय सिस्टीम पार्टिशन कुठल्या डिस्कवर आहे ते बघा. बऱ्याचदा 100 एमबीचं इवलंसं असतं, त्यामुळे लोक त्यालाही फालतू समजून उडवतात. जुन्याच डिस्कवर असेल तर नवीन एसएसडीवर ईएफआय पार्टिशन बनवून बीसीडीबूट या विंडोजच्या कमांडने बूट फाइली तिथे टाकता येतात, पण मी तिथपर्यंत जातच नाही, विंडोज टाकताना दुसरी डिस्क सरळ काढून ठेवतो. स्क्रू उघडायचा कंटाळा असलेल्यांनी मग बीसीडीबूट शिकावं.

डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये क्लीन (म्हणजे अख्खी डिस्क पुसणं) मारण्याआधी लिस्ट डिस्कमधली साइज जुळवून बघा, डिस्क 0 म्हणजे आपलीच असं नसतं, आणि क्लीन "नक्की का?" असं विचारत पण नाही.

विंडोजचे स्वतःचे घटक जिथे असतात त्या विनएसएक्सएस फोल्डरला हात लावू नका. त्यातल्या बऱ्याच फाइली हार्डलिंक (एकच फाइल, दोन ठिकाणी नाव) असतात, त्यामुळे एक्सप्लोरर एकच फाइल दोनदा मोजतो आणि आकडा फुगतो. डिस्क क्लीनअपमधून सिस्टीम फाइल्स साफ करा, फारच वाटलं तर डिझम या विंडोजच्या कमांडचं कंपोनंट क्लीनअप चालवा.

हायबरनेट (चालू काम डिस्कवरच्या एका फाइलीत ठेवून कॉम्प्युटर बंद करणं) वापरत नसाल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ (powercfg /h off) मारा. ती फाइल साधारण रॅमच्या 40 टक्के असते, म्हणजे 16 जीबी रॅमवर सहाएक जीबी सुटतात. फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जातं, एसएसडीवर मला तरी त्याची कमी जाणवत नाही. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) मात्र राहू द्या.

सी वाढवायचाय पण एक्स्टेंड व्हॉल्यूम करड्या रंगात? मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडेच लागते आणि मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेलं असतं. घाईघाईत ते उडवण्याआधी बॅकअप घ्या.

क्लीनर ॲप टाकू नका, कुठलंच.

आणि एसएसडी डीफ्रॅग करायला (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणायला) बाहेरचं सॉफ्टवेअर शोधणाऱ्यांनो, नको ते! विंडोजचंच ऑप्टिमाइझ बटण दाबा, एसएसडी ओळखली की ते ट्रिमच पाठवतं. सगळी साफसफाई झाली की मी ते एकदा दाबतो आणि ड्राइव्हचा दहा-पंधरा टक्के भाग रिकामाच ठेवतो, कारण काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना रखडते. तेवढी जागा केल्यावरही पुरत नसेल तर मोठी एसएसडी घ्या, सिस्टीमच्या फाइली कुरतडत बसू नका.