पहिली बारा बोअर घेताय? आधी काडतूस बघा, मग बंदूक

शेतीसंरक्षणाचं लायसन हातात आलं की माणसाला घाई होते, मलाही झाली होती. काजू धरायला लागलेला, वानरांची टोळी रोज सकाळी बागेत, डुकरांनी खालचं नाचणीचं शेत अर्धं उकरून ठेवलेलं, आणि मी शहरातल्या एका दुकानात जाऊन जी बंदूक चकचकीत दिसली ती उचलली. बाजूला पक्ष्यांची नक्षी होती म्हणून. पुढे काय झालं ते खाली येतंच, पण तेव्हा ज्या गोष्टी मला कोणी सांगितल्या नाहीत त्या इथे लिहितोय. कुडाळ-सावंतवाडी म्हणा, राजापूर-लांजा म्हणा नाहीतर चंदगड-आजरा, आपल्या पट्ट्यात पहिली बंदूक घेणाऱ्याची गरज साधारण सारखीच असते. बागेत बार काढायला हवी, एकट्या घराला आधार हवा आणि खिशाला झेपायला हवी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वानर, माकड, रानडुक्कर, गवा, शेकरू, मोर, सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. लायसन आहे म्हणजे मारायची परवानगी आहे असं अजिबात नाही, ती वनखात्याकडून वेगळी आणि लेखी लागते. आपली बंदूक बहुतेक वेळा आवाजासाठीच असते. हे डोक्यात पक्कं बसलं की बंदूक निवडणं निम्मं सोपं होतं, कारण मग लांब पल्ला, जाड काडतूस, पटापट पाच बार असल्या गोष्टींवर पैसे घालवायची गरजच उरत नाही.

कागदाचं थोडक्यात. वय २१ पूर्ण हवं, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. बंदूक सुरक्षित हाताळण्याचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं, ते नुसतं कागदापुरतं घेऊ नका, खरंच शिका. लायसनवर काय लिहिलंय ते नीट वाचा, ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) की काडतुसाची, किती काडतुसं, कुठल्या हद्दीसाठी. ठासणीच्या लायसनवर काडतुसाची बंदूक घेता येत नाही, आणि हे दुकानात पैसे मोजल्यावर कळलेली माणसं मी बघितलीत.

आता मुद्द्यावर येऊ. बोअर म्हणजे नळीच्या जाडीचा नंबर, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक, तर बोअर १२ च घ्या. दुकानात १६ बोअर, २० बोअरच्या जुन्या सुंदर बंदुका दिसतील, वजनाला हलक्या, किंमतही बऱ्यापैकी कमी. पण कमी का आहे ते विचारा, काडतूस मिळत नाही म्हणून. १२ बोअरचं शक्तिमान काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत बनतं, १८६९ पासूनची फॅक्टरी आहे ती, आणि जिथे काडतुसं मिळतात अशा बहुतेक दुकानात हे असतं. ज्या बंदुकीचं काडतूस जिल्ह्यात मिळत नाही ती फुकट मिळाली तरी महागच. आणि घरात कोणाची जुनी २० बोअर असेल तर तिची काडतुसं १२ च्या काडतुसांबरोबर चुकूनही एका डब्यात ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, वरून नळी रिकामी वाटते, मागे १२ चं घातलं आणि चाप ओढला की नळी फुटते. हात जातो माणसाचा.

दुसरी गोष्ट चेंबरची, म्हणजे नळीत मागे काडतूस बसतं त्या जागेची लांबी, आणि माझी चूक इथेच झाली. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बरेचदा अडीच इंची असतं म्हणजे ६५ मिलिमीटर, नंतरच्यांचं पावणेतीन इंची म्हणजे ७० मिलिमीटर. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, बंदूक व्यवस्थित बंदही होते, कारण ७० हा आकडा बार झाल्यावर तोंड उघडलेल्या काडतुसाचा असतो, न उडालेलं काडतूस आखूडच असतं. बार होतो तेव्हा त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो. मी एक अख्खा हंगाम तसं वापरलं, खांदा काळानिळा व्हायचा आणि मला वाटायचं बंदूक अशीच असते. शेवटी वाडीतल्या एका आबांनी, ज्यांनी चाळीस वर्षं बंदूक वापरलीय, नळी काढून उलटी केली आणि खालच्या सपाट भागावरचा शिक्का दाखवला. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, दुकानात मला कोणी उलटी करून दाखवली नव्हती एवढंच. तर पहिलं काम, नळी वेगळी करायला सांगा आणि खालचे शिक्के वाचा, ६५, ७०, २½, २¾ असं काहीतरी सापडेल. शिक्का पुसट असेल तर दुकानदाराकडून गेज घालून चेंबर मोजून घ्या. माझा सल्ला, पहिली बंदूक ७० च्या चेंबरचीच घ्या.

नवी की जुनी? बजेट कमी असेल तर जुनी, पण नीट तपासून. आर्म्स अॅक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका लायसनवर तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे लोकांना जास्तीच्या बंदुका सोडाव्या लागल्या, शिवाय म्हातारी माणसं गेल्यावर मुंबई-पुण्यातल्या मुलांना बंदूक नको असते. अशा साध्या देशी डबल बॅरल दुकानांत पडून असतात आणि भाव करायला जागा असते. वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर अशी नावं असलेल्या विलायती बंदुकांच्या मागे लागू नका. ऐंशीच्या दशकात आयात आवळली गेली तेव्हापासून नावाचेच पैसे मोजावे लागतात, आणि वानर हाकलायला बर्मिंगहॅमचं नाव लागत नाही. मुंगेर आणि जम्मूच्या लायसनधारक कारखान्यांत बनलेल्या साध्या बंदुका चांगल्या काम देतात, फक्त त्यातही हात हात वेगळा असतो, एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांत फरक दिसतो, म्हणून समोरची बंदूक तपासायची, नाव नाही.

सिंगल की डबल यावर आमच्याकडे तासन् तास वाद होतात. सगळ्यात स्वस्त सिंगल बॅरल, हलकी, बिघडायला त्यात फारसं काही नाही, म्हाताऱ्या माणसालाही खांद्यावर घेऊन चढ चढता येतो. पण हलकी म्हणजे धक्का जास्त, हे लक्षात ठेवा. डबल बॅरल साधारण तीन किलोच्या पुढे जाते, धक्का पचवते, आणि दोन नळ्यांचे चाप-घोडे वेगळे असल्यामुळे एक बाजू बिघडली तरी दुसरी चालते, पाऊस तोंडावर असताना आणि कारागीर तालुक्यातही नसताना याची किंमत कळते. मी डबलच सांगेन, जास्तीचे पैसे वसूल होतात. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची पंप अॅक्शनही (पुढचा दांडा मागेपुढे ओढून काडतूस चढवायची) मिळते, मजबूत आहे, पण पहिल्या बंदुकीसाठी मला ती पटत नाही. किंमत जास्त, हलणारे भाग जास्त, आणि मुख्य म्हणजे भरलेली आहे की रिकामी हे लांबून दिसत नाही. डबल बॅरल मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून हातावर टाकली की समोरच्या माणसालाही दिसतं, दोन्ही नळ्यांतून उजेड येतोय. घरात पोरं आहेत, गणपतीत चाकरमानी येऊन घर भरतं, तिथे ही एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता जुनी बंदूक तपासायची कशी, इथे वेळ घालवा, दुकानदार कंटाळला तरी चालेल. आधी खात्री करा की रिकामी आहे. मग नळी काढून उजेडाकडे धरा आणि दोन्ही टोकांनी आतून बघा. आत गोल गोल कडी दिसतात त्या सलग आणि गोल हव्यात, कुठे वाकड्या किंवा सावलीसारखा डाग दिसला तर तिथे पोचा आहे किंवा नळी फुगलेली आहे. फुगवटा म्हणजे कधीतरी आत काही अडकलेलं असताना बार झालाय, ती बंदूक सोडून द्या, कितीही स्वस्त असो. गंजाचे बारीक ठिपके थोडे असतील तर एकवेळ चालतात, खड्डे झाले असतील तर नाही. आणि नळी आतून आरशासारखी चमकत असेल तर खूश होऊ नका, खड्डे घालवायला आतून घासलेली असू शकते, मग पत्रा किती पातळ राहिलाय ते कारागिराकडून मोजून घ्या. बाहेरून नळीवर नागमोडी नक्षीसारख्या रेघा दिसल्या तर ती जुनी दमास्कस नळी, काळ्या बारुदाच्या जमान्यातली, आजच्या काडतुसासाठी नकोच.

मग नळीला दोरीने टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. घंटेसारखी वाजली तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे, बद्द आवाज आला तर झाळ (धातूचा सांधा) सुटलीय. नंतर पुढचा लाकडी हातखंडा काढून नळी जोडा, बंद करा आणि कुंदा (खांद्याला लागणारा मागचा लाकडी भाग) धरून हलवा. खडखड झाली, जोडात फट दिसली, उजेड दिसला तर बिजागरी झिजलीय. रिकामी बंदूक चढवून कुंदा जमिनीवर, पायातली चप्पल खाली ठेवून, जरा आपटा, घोडा आपोआप पडता कामा नये. सेफ्टी लावून चाप ओढून बघा. नुसत्या रिकाम्या बंदुकीवर खटाखट चाप ओढू नका, पिन तुटते, दुकानात नकली काडतूस असतं ते घालायला सांगा. शेवटी कुंद्याची मनगटाजवळची बारीक जागा नख फिरवून बघा, तडे तिथेच जातात आणि पॉलिशखाली लपतात.

यानंतर अंगाला बसते का बघायची. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी सरळ समोर दिसला, मान वाकडी करावी लागली नाही, तर बंदूक तुमची. असं दहा वेळा करा. कुंदा लांब असेल तर बगलेत अडकतो, आखूड असेल तर अंगठा नाकावर आदळतो. कुंदा थोडा कापता येतो, पण नळी कधीही कापायची नाही, बरीच जणं झाडीत सोपी पडावी म्हणून विचारतात. बिनपरवाना नळी आखूड करणं आर्म्स अॅक्टखाली गुन्हा आहे, आणि २० इंचाच्या खालची नळी वेगळ्याच कडक वर्गात जाते. २८ किंवा ३० इंची नळी बागेला बरोबर. चोक म्हणजे नळीचं तोंड किती आवळलंय ते, एक नळी मोकळी आणि एक हाफ म्हणजे निम्मी आवळलेली असेल तर उत्तम. फुल चोकमधून, म्हणजे पूर्ण आवळलेल्या नळीतून एकसंध गोळीचं काडतूस उडवू नका.

छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. आवाजासाठी ६ नंबर पुरे, तो साधारण २०० मीटरच्या आसपास दम तोडतो. एलजीचे, म्हणजे जाड छर्ऱ्याच्या काडतुसाचे दाणे ९ मिलिमीटरचे असतात आणि ५०० मीटरच्याही पुढे जातात, आपल्या वाड्या एकमेकींना किती चिकटून आहेत ते बघा आणि हवेत एलजी कधीच सोडू नका. लग्नात, वरातीत तर कुठलाच बार नको, त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गडगा (दगडी कुंपण) ओलांडताना बंदूक मोडून काडतुसं खिशात, मग पाय वर, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

पसंत पडली की बंदुकीवरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या कागदावरचा नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबर खोडलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथून उठा. ओळखीच्या माणसाकडून परस्पर घेत असाल तर त्याने आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात, त्याआधी बंदूक हातात घ्यायची नाही, भाऊ असला तरी.

पैसे मोजताना कुलपाचं लोखंडी कपाट, साफ करायची काठी आणि रंगून ऑईल (बंदुकीला लावायचं तेल) यांचे पैसे बाजूला काढूनच भाव ठरवा. आपल्या दमट हवेत बंदूक गंजाने मरते. चामड्याच्या कव्हरात पावसाळाभर ठेवली तर ऑगस्टमध्ये नळीवर लाल पूड सापडते, म्हणून कव्हर फक्त प्रवासाला. खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन आतले खटके अडकवतं. काडतुसं वेगळ्या कुलपात, हवाबंद डब्यात, आणि फुगलेलं किंवा पितळेवर हिरवं चढलेलं काडतूस वापरायचं नाही. कुंभारमाशी तर नळी दिसली की आत मातीचं घर करते, त्यामुळे बाहेर काढल्यावर प्रत्येक वेळी आधी नळीतून आरपार बघायचं, मगच काडतूस. माझ्या ओळखीत एकाची नळी याच मातीने फुगली, माणूस वाचला.

आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक जमा करायची नोटीस येऊ शकते, लोकसभा नेमकी काजू-आंब्याच्या हंगामात येते. पिकाच्या रक्षणासाठी सूट हवी असेल तर नोटीस यायची वाट न बघता कोणाच्या बंदुका जमा करायच्या ते ठरवणाऱ्या छाननी समितीकडे लेखी अर्ज द्या, सातबारा जोडा. जमा करावीच लागली तर आतून-बाहेरून तेल लावून, नंबर लिहिलेली पावती घेऊन द्या, आणि परत आणली की त्याच संध्याकाळी नळी काढून पुसा.