एएम-पीएम लिहिताना या चुका टाळा

एएम-पीएमचा घोळ होतो तो बहुतेक बाराच्या काट्यावरच. सकाळचे 9 की रात्रीचे 9, यात सहसा कोणी फसत नाही. पण 12 पीएम म्हणजे दुपार की मध्यरात्र, असं विचारलं की भलेभले अडखळतात.

एएम म्हणजे लॅटिनमधलं 'आन्ते मेरिडिएम', मध्यान्हापूर्वी; पीएम म्हणजे 'पोस्ट मेरिडिएम', मध्यान्हानंतर. ऐन मध्यान्ह मात्र ना आधी, ना नंतर. तरीही डिजिटल घड्याळाला काहीतरी दाखवावंच लागतं, म्हणून दुपारचे बारा ते 12 पीएम आणि मध्यरात्रीचे बारा ते 12 एएम, असा संकेत रूढ झाला. लक्षात ठेवायचं एवढंच की एएमचं पीएम 12 वाजताच होतं, 1 वाजता नाही. त्यामुळे 12:30 एएम म्हणजे मध्यरात्र उलटून अर्धा तास, चोवीस तासांच्या घड्याळात 00:30.

खरा फटका बसतो तो तारखेत. तिकिटावर '10 तारीख, 12:15 एएम' असेल, तर 9 तारखेला जेवण उरकून रात्रीच निघायला हवं. 10 तारखेच्या रात्री बॅग घेऊन पोचलात, तर गाडी जाऊन चोवीस तास झालेले असतात! अर्जाच्या मुदतीचंही तेच. '10 तारखेला रात्री 12 पर्यंत' असं तर लिहूच नये, कारण वाचणारा त्याचे दोन अर्थ काढू शकतो. त्याऐवजी '11:59 पीएम' लिहा, वाद मिटतो. अमेरिकेची मापन-प्रमाण संस्था एनआयएसटीसुद्धा नुसतं 12 एएम किंवा 12 पीएम टाळायलाच सांगते.

'सकाळी 9 एएम' ही द्विरुक्ती. दोन्हींतलं एकच ठेवा. '15:00 पीएम' तर सरळ चूक. तीनही वाजले आणि पंधराही, असं कसं चालेल?

पहाटेचा गजर वाजला नाही तर फोनला दोष देण्याआधी 5:00 पुढे पीएम तर पडलेलं नाही ना, ते पाहा. फोन चोवीस तासांच्या पद्धतीवर ठेवलात तर ही भानगडच उरत नाही.

एक्सेलमध्ये वेळेची बेरीज-वजाबाकी जमत नसेल, तर आकडा आणि एएम-पीएम यांच्यात जागा सोडली आहे का ते तपासा. दोन्ही चिकटवून लिहिले की एक्सेल त्याला वेळ न मानता साधा मजकूर मानतं.