गोचीड चावली तर आधी फोटो काढा
न्यू जर्सी, कनेक्टिकटकडे राहणाऱ्यांनो, उन्हाळ्यात बॅकयार्डातून आलात की काखेत, गुडघ्यामागे, केसांत नीट बघा, कारण लाइम नावाचा जिवाणूंचा आजार पसरवणारी छोटी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि चावलेलं कळतपण नाही. दिसली की बारीक टोकाचा चिमटा अगदी कातडीला टेकवून धरा नि सरळ वर ओढा, तेल, व्हॅसलिन, पेटती काडी असले उद्योग प्लीज नकोत. फोटो आणि तारीख मोबाईलमध्ये ठेवा. गोचीड काढल्यापासून ७२ तासांत डॉक्टरला विचारलं तर कधीकधी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस देतात. ३ ते ३० दिवसांत लाल चट्टा पसरत गेला तर ब्लड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून गप्प बसू नका, सुरुवातीला ती बऱ्याचदा तशीच येते, आणि उपचार राहून गेले तर काही महिन्यांनी गुडघे सुजू शकतात.